व्हूडू कार्डावर नीड फॉर स्पीड टू एसई: आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत सदाशिव पेठेतल्या मामाच्या घरी आवराआवर चालली होती, तेव्हा दादाचा जुना पीसी माळ्यावरून खाली आला. पेंटियम टू, ३५० मेगाहर्ट्झ, विंडोज ९८, आणि आत थ्रीडीएफएक्स कंपनीचं पहिलं व्हूडू, म्हणजे गेममधलं थ्रीडी चित्र काढणारं कार्ड, ४ एमबीचं. दादा म्हणाला, "तुला हवा तर ने, नाहीतर उद्या भंगारवाल्याला जाईल." मी रिक्षाच बोलावली. आता जुलै आलाय, आणि जवळपास रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मी त्याच्यावर नीड फॉर स्पीड टू एसई हा गाड्यांच्या शर्यतीचा जुना गेम खेळतो.

मशीन उभं करायला महिना गेला. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) सेल संपला होता, तो शंभराच्या आतला प्रश्न. हार्ड डिस्क मात्र कायमची गेली होती. जुन्या बाजारात दोन रविवार घालवूनही धड डिस्क मिळाली नाही. शेवटी जुन्या हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीत बसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर ८ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड बसवलं. विंडोजला ती साधी हार्ड डिस्कच वाटते. मोठं कार्ड घ्यायच्या फंदात पडू नका, त्या काळातले बरेच बायोस ३२ जीबीच्या पुढे अडकतात. ऑनलाइन मागवलेला पहिला सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा मॉनिटर फुटून आला आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. दुसरा स्वतः जाऊन, चालू करून, बघून आणला. तुम्हीही तसंच करा.

हे व्हूडू फक्त थ्रीडी काढतं. म्हणून साध्या डिस्प्ले कार्डातून एक आखूड केबल व्हूडूत जाते आणि व्हूडूतून मॉनिटरला. रेस सुरू होताना कार्डावरचा रिले (चित्राची वाट बदलणारा छोटा स्विच) "टक्" असा वाजतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि मग रस्ता उलगडतो. हा "टक्" ऐकला की मी अजूनही खुर्चीत सरसावून बसतो.

हाच गेम मी लॅपटॉपवर एनग्लाइड, म्हणजे व्हूडू कार्डाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकूनही खेळलोय. तिथे चित्र जास्त रेखीव येतं, पण गाडी हातात येत नाही. नेपाळचा मिस्टिक पीक्स ट्रॅक घ्या. उतारावर वळण येतं, मी बाण दाबतो, आणि लॅपटॉपवर तोवर मॅकलॅरेन कड्याला घासलेली असते. सीआरटीवर बोट दाबलं की नाक वळलंच. सीआरटी आलेलं चित्र साठवून ठेवत नाही, जसं येतं तसं ओळीओळीने काढत जातो. शिवाय ६४० बाय ४८० चं चित्र तिथे मऊ आणि भरीव दिसतं. एलसीडीवर तेच ताणून फिकट होतं. माझ्यासाठी सगळा खटाटोप या एका गोष्टीसाठी वसूल झाला.

गेममध्ये उणिवा आहेत. पहिल्या भागातले पोलीस इथे नाहीत, ते १९९८ च्या हॉट पर्स्यूटमध्ये परत आले. गाड्या हलक्या वाटतात, उंचवट्यावर चेंडूसारख्या उडतात. ट्रॅक जेमतेम आठ. पण गाड्यांची निवड आजही मला थक्क करते: फोर्ड जीटी९० ही फक्त प्रदर्शनापुरती बनलेली, आणि इस्डेरा कमेंडातोर तर जगात एकच. प्रत्येक गाडीची माहिती, फोटो, व्हिडिओ गेममध्येच आहेत. व्ही१२ इंजिन म्हणजे काय, हे शाळेत असताना मला इथूनच कळलं होतं.

पावसाळ्यात मॉनिटर पहिली दहा मिनिटं काळवंडलेला असतो, मग उजळतो. तो भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा, आणि स्वतः उघडू नका. आत २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही राहू शकतो. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या दिवशी मी प्लगच काढून ठेवतो.

गेल्या शनिवारी दादा घरी आला. अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर आम्ही एकाच कीबोर्डवर खेळलो. दोघांनी एकदम बटणं दाबली की एखादं नोंदलंच जात नाही, त्यामुळे दोनदा माझी गाडी सरळ बाहेर गेली आणि दादा जिंकला. साउंड कार्डाचा १५ पिनांचा गेमपोर्ट, म्हणजे जॉयस्टिक जोडायची जागा, रिकामाच आहे. त्याच्यासाठी जॉयस्टिक शोधायला येत्या रविवारी आम्ही दोघं जुन्या बाजारात जाणार आहोत.