पीसीए९६८५ सर्व्हो ड्रायव्हर बोर्ड: थरथर थांबवतो, पण कुठली ते आधी बघा

१६ चॅनलचा हा छोटा बोर्ड ऑनलाइन कुठेही स्वस्तात मिळतो आणि सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर) थरथरतोय म्हटलं की जो तो हाच घ्यायला सांगतो. माझा रोबोटिक आर्म याच्यावरच चालतो, बोर्ड मला मनापासून आवडलाय, तरी सांगतो, तुमची थरथर पॉवरची आहे की सिग्नलची ते बघूनच घ्या, कारण पॉवरची असेल तर नुसता बोर्ड लावून काडीचाही फरक पडणार नाही.

बघायचं कसं, तर सर्व्हो ९० अंशांवर नुसता उभा राहील एवढाच कोड टाका. मग त्याची लाल वायर आर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून काढून वेगळ्या ५ व्होल्ट २ अँपच्या अडॅप्टरला द्या, आणि अडॅप्टरचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायलाच हवा, नाहीतर सर्व्हो आधीपेक्षा जास्त नाचेल. कुर्रकुर्र थांबली? मग पॉवरचाच घोळ होता. एसजी९० हा छोटा सर्व्हो दिसायला ९ ग्रॅमचा, पण लोड येऊन अडकला की ६००-७०० मिलीअँप सहज ओढतो आणि ऊनोवरचा यूएसबीचा फ्यूजच ५०० मिलीअँपचा, व्होल्टेज बसणारच ना.

पण सर्व्हो एकटा शांत असतो आणि निओपिक्सेलची (रंगीत एलईडींची) पट्टी चालू केली की झटके मारतो, असं असेल तर डोळे झाकून हा बोर्ड घ्या. ऊनोवरची सर्व्हो लायब्ररी पल्स (ज्याच्या लांबीवरून सर्व्होला कोन कळतो तो सिग्नल) कधी संपवायचा ते टायमर १ च्या इंटरप्टवर, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणाऱ्या इशाऱ्यावर ठरवते, आणि निओपिक्सेलला डेटा जात असताना इंटरप्ट बंद असतात, एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे ६० एलईडीच्या पट्टीला १.८ मिलिसेकंद, आणि इकडे सर्व्होचा अख्खा पल्सच १ ते २ मिलिसेकंदांचा! पल्स लांबला की आर्म उसळलाच. हा बोर्ड पल्स स्वतःच्या चिपवर बनवतो, आय-टू-सी या दोन वायरींच्या जोडणीवरून एकदा आकडा पाठवला की तुमचा कोड काय वाट्टेल ते करू दे, सर्व्हो हलत नाही. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग पडतात, म्हणजे एक पायरी ४.९ मायक्रोसेकंदांची, एसजी९० ला तेवढी बारीक पुरून उरते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. आतला ऑसिलेटर (चिपचं घड्याळ) २५ मेगाहर्ट्झचा म्हणतात पण बोर्डागणिक थोडा इकडेतिकडे असतो, त्यामुळे १८० अंश सांगितले की सर्व्हो टोकाला जाऊन अडतो, गुणगुणत बसतो आणि तापतो, लोकांना ती थरथरच वाटते. लायब्ररीत ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी बदलता येते, अॅडाफ्रूट कंपनीच्या उदाहरणात २७ मेगाहर्ट्झ टाकलेली आहे, सिग्नल मोजायला ऑसिलोस्कोप नसेल तर आकडा हळूहळू हलवून पल्स जुळवा. स्वस्त बोर्डांवर मोठ्या कपॅसिटरची जागा कधीकधी रिकामीच येते, तिथे सर्व्होमागे १०० मायक्रोफॅरड या हिशोबाने कपॅसिटर लावाच, आणि प्लस-मायनस बघून. स्क्रू टर्मिनलवरचा व्ही प्लस सर्व्होसाठी, व्हीसीसी चिपसाठी, ऊनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असेल तर व्हीसीसीला ३.३ व्होल्टच द्या.

आणि एवढं सगळं करूनही सर्व्हो एका ठराविक कोनावरच थरथरत असेल तर बोर्डाच्या नावाने ओरडू नका, सर्व्होच्या आतला पॉट (कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर) तिथे घासला गेलेला असतो, तो सर्व्हो सरळ बदला.