हर्पिसच्या निदानानंतर सपोर्ट ग्रुप: आठ-नऊ महिने वापरून आलेला अनुभव

जननेंद्रियावरच्या हर्पिसचं, म्हणजे विषाणूमुळे फोड येणाऱ्या आजाराचं, निदान नुकतंच झालंय आणि रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर 'असं आणखी कुणाला आहे का' हे शोधताय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी तिशीतली, पुण्यात नोकरी करणारी, घरी लग्नाचं बघणं चालू असलेली मुलगी आहे. निदान झाल्यापासून मी तीन प्रकारचे ग्रुप वापरले: रेडिटवरचा मोठा इंग्रजी ग्रुप, टेलिग्रामवरचा एक भारतीय ग्रुप आणि दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर भरणारी दहा-बारा जणांची बैठक. पहिला अधूनमधून बघते, दुसरा सोडला, तिसऱ्यात टिकून आहे. बैठकीचं नाव किंवा लिंक देणार नाही, कारण ते बाहेर द्यायचं नाही असं आमचं ठरलंय. पण तसा ग्रुप ओळखायचा कसा, हे नक्की सांगू शकते.

माझ्या मते सगळं एकाच गोष्टीवर ठरतं. ग्रुपमध्ये जुनी माणसं आहेत का?

हर्पिसचं पहिलं वर्ष सहसा सगळ्यात त्रासाचं असतं. पहिला अटॅक जोरात येतो, ताप, अंगदुखी, लघवीला जाताना डोळ्यांत पाणी. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. टाइप 2 असेल तर त्या वर्षात तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढू शकतो, पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. टाइप 1, म्हणजे ज्याने एरवी ओठावर फोड येतात तो, खाली झाला तर बऱ्याच जणांना क्वचितच परत येतो. आता विचार करा, ज्यांचं बरं चाललंय ते ग्रुपमध्ये कशाला थांबतील? ते आपापल्या आयुष्याला लागतात. मागे उरतात ते महिनाभरापूर्वी निदान झालेले आणि सतत त्रास असलेले. मोठ्या ग्रुपवर रोज तेच वाचत राहिलं की हर्पिस म्हणजे जन्मभर हेच, असं वाटायला लागतं. माझी पहिले काही आठवडे झोप उडाली, त्यात आजाराचा वाटा होताच, पण या वाचनाचाही होता.

रेडिटच्या ग्रुपबद्दल मात्र एक चांगलं सांगायलाच हवं. तिथल्या जुन्या सदस्यांमुळे मला टेस्टचा घोळ कळला. आपल्याकडे लोक लॅबमधून आयजीएम या रक्तातल्या अँटीबॉडीच्या टेस्टचा रिपोर्ट आणतात आणि 'नवीन इन्फेक्शन' म्हणून हादरतात. ही टेस्ट यासाठी भरवशाची नाही. आयजीजी ही दुसऱ्या अँटीबॉडीची टेस्ट बरी, पण तिचा आकडा 1.1 च्या थोडा वर असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते आणि दुसऱ्या टेस्टने खात्री करावी लागते. फोड ताजे असताना तिथला स्वॅब घेऊन केलेली पीसीआर सगळ्यात चांगली. हे सगळं मी माझ्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारून पक्कं केलं. रिपोर्टचा फोटो टाकून अनोळखी माणसांकडून निदान करून घेणं मात्र तिथे सर्रास चालतं. ते तुम्ही करू नका.

टेलिग्रामच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी हायसं वाटलं. सगळे आपल्याकडचे, कुणी सोलापूरचं, कुणी इंदूरचं, कुणी दुबईत नोकरी करणारं. सासू, शेजारी, मेडिकलवाला ओळखीचा निघणं, या अडचणी समजावून सांगाव्याच लागत नाहीत. आठवडा उलटायच्या आत पर्सनल मेसेज सुरू झाले. 'ताई, माझ्याकडे पावडर आहे, व्हायरस मुळापासून जातो, आधी अर्धे पैसे पाठवा.' सोबत कुणाकुणाचे 'निगेटिव्ह' झालेले रिपोर्ट. मी अ‍ॅडमिनला कळवलं, उत्तर आलं नाही. नंतर लक्षात आलं की विकणाऱ्यांतला एक जण स्वतःच अ‍ॅडमिन होता.

हे तपशिलात सांगतेय कारण घाबरलेला माणूस अशा वेळी पैसे पाठवतो, आणि दोष त्याचा नसतो. हर्पिसचा विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथून त्याला पुरतं बाहेर काढणारं औषध आजवर निघालेलं नाही, कुठल्याही पॅथीत. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं त्याची वाढ रोखतात, अटॅक लवकर आटोक्यात आणतात, रोज घेतली तर अटॅक बरेच कमी करतात. एवढं बहुतेकांना पुरतं. गुप्तरोग बरा करण्याच्या जाहिरातींवर तर आपल्याकडे 1954 च्या औषधे आणि जादुई उपचारांच्या कायद्याने बंदी आहे. पण पर्सनल मेसेजमध्ये कोण बघतंय?

शिवाय तिथे बायकांना वेगळाच ताप. 'तुलाही आहे, मलाही आहे, मग भेटूया' असे मेसेज. निदान झालं म्हणजे आपण कुणालाही हो म्हणायला तयार आहोत, असं काही पुरुष गृहीत धरतात. मी बाहेर पडले.

या सगळ्या शोधात मला सगळ्यात पहिला धीर दिला तो इंग्लंडमधल्या 'हर्पिस व्हायरसेस असोसिएशन' या संस्थेच्या माहितीने. त्यांची हेल्पलाइन हर्पिस असलेलीच माणसं चालवतात. ती तिथल्या लोकांसाठी आहे, पण वेबसाइटवरची माहिती कुणालाही वाचता येते, आणि तिचा सूर मला फार आवडला. शांत, नेमका, कुठेही भीती घालणं नाही. अमेरिकेतही 'अमेरिकन सेक्शुअल हेल्थ असोसिएशन' ही जुनी संस्था तिथल्या सपोर्ट ग्रुपची यादी ठेवते. आपल्याकडे व्यसनमुक्तीचे, मानसिक आजारांचे स्वमदत गट आहेत, एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी तर स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. हर्पिससाठी समोरासमोर भरणारा ग्रुप मला महाराष्ट्रात सापडला नाही.

व्हिडिओ बैठकीपर्यंत मी पोचले ती रेडिटवरच भेटलेल्या एका भारतीय बाईंमुळे. तिने आधी माझ्याशी बऱ्याच वेळा लिहून गप्पा मारल्या, मग एकदा फोनवर बोलली, आणि त्यानंतर लिंक दिली. आत कसं येता येतं, हा माझ्या लेखी ग्रुपचा पहिला कस. जिथे कुणीही क्षणात आत येतो तिथे तुमच्या ऑफिसमधला माणूसही येऊ शकतो. आमच्याकडे कॅमेरा बंद ठेवायची मुभा आहे आणि प्रत्येकाने खऱ्या नावाऐवजी एका झाडाचं नाव घ्यायचं. औषधाचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही. विक्री केली की त्याच दिवशी बाहेर. आणि 'तुला कुणी दिलं' हा प्रश्न नवीन माणसाला विचारायचा नाही.

हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं काहीच न दाखवता राहू शकतो. त्यामुळे पहिला अटॅक आत्ता आला म्हणजे संसर्ग आत्ताच झाला, असं म्हणता येत नाही. आमच्यातल्या एकीच्या घरी याच गैरसमजावरून घटस्फोटाची भाषा झाली होती. नवरा-बायको दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसले, तेव्हा कुठे ती भाषा थांबली.

आता बकुळताईंबद्दल. सांगलीकडच्या, पन्नाशीला आलेल्या, निदान होऊन वीसेक वर्षं झालेल्या. त्यांना आता ग्रुपची गरज नाही, तरी येतात. पहिल्या बैठकीत मी गप्प होते. गर्भारपणाचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, ''माझी दोन्ही बाळंतपणं निदानानंतरची. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कळा सुरू झाल्यावर तपासलं, फोड नव्हते, दोन्ही नॉर्मल झाली. थोरला आता इंजिनिअरिंगला आहे. मी डॉक्टरांपासून काही लपवलं नाही, एवढंच केलं.'' बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो तो आईला शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच संसर्ग झाला तर. हे मी आधी वाचलं होतं. पण मागे कुकरची शिट्टी होतेय आणि एक बाई हे घरातल्या कामाइतक्या साधेपणाने सांगतेय, ते ऐकून माझा महिन्याभराचा आवळलेला श्वास सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगात 15 ते 49 वयाच्या 84 कोटींहून जास्त लोकांना जननेंद्रियावरचा हर्पिस आहे, पाचात एकाहून जास्त. तो आकडा मला तोंडपाठ होता. त्यांच्यापैकी एक जण समोर बोलल्यावर काय वाटतं, ते मात्र त्या दिवशी कळलं.

लग्नाआधी सांगायचं कसं, याची आम्ही तालीम करतो. एकजण समोरचा मुलगा किंवा मुलगी होतो. माझ्या वेळी बकुळताईच मुलगा झाल्या. ''मग मला होणार का?'' त्यांनी थेट विचारलं. मी अडखळत म्हटलं, ''सॉरी, म्हणजे होऊ शकतं, पण...'' त्यांनी तिथेच थांबवलं. ''माफी कशाची मागतेस? माहिती दे.'' मग मी पुन्हा सांगितलं: फोड असताना संबंध टाळायचे, एरवी कंडोम वापरायचा, आणि रोज गोळी घेतली तर धोका आणखी खाली येतो. दोघांपैकी एकालाच टाइप 2 असलेल्या जोडप्यांवरच्या 2004 च्या अभ्यासात रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला होणारा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला होता. धोका शून्य होत नाही, हेही सांगायचं. ही तालीम कुठला डॉक्टर करून घेणार? त्यांच्याकडे तेवढा वेळच नसतो.

त्यानंतर एका स्थळाला मी खरंच सांगितलं. त्याने विचार करायला वेळ मागितला आणि नंतर नकार कळवला, सभ्यपणे. वाईट वाटलं. त्या आठवड्यात बैठक नव्हती, तरी तिघांनी फोन केले.

उणिवा आहेतच. बैठक रविवारी रात्री साडेनऊला असते. एकत्र कुटुंबात, एका खोलीत राहणाऱ्या बाईला तेव्हा बोलणं अशक्य, ती नुसती हेडफोन लावून ऐकते. पुरुष कमी आहेत आणि बोलतात त्याहून कमी. बोलणं हिंदी-इंग्रजीकडे झुकतं, त्यामुळे गावाकडून येणारे बावरतात. आणि ग्रुप म्हणजे समुपदेशन नव्हे. एका मुलाच्या मनात जीव द्यायचे विचार यायला लागले, तेव्हा आम्ही त्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावून दिला आणि तो बोलेपर्यंत सोबत थांबलो. तपासणीला पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयांतली सुरक्षा क्लिनिक आहेत, तिथे लैंगिक आजारांची औषधं मोफत मिळतात आणि समुपदेशक असतात. जवळचं केंद्र 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर विचारता येतं.

टेलिग्राम वापरणार असाल तर आधी सेटिंगमध्ये फोन नंबर सगळ्यांपासून लपवा आणि कॉन्टॅक्ट सिंक बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे मी जातच नाही. आत गेल्यावर आठ-पंधरा दिवस नुसतं वाचा. निदान होऊन पाच वर्षं झालेलं कुणी बोलताना दिसतंय का, ते बघा. दिसलं नाही तर निघा.

पुढच्या महिन्यापासून आम्ही दुपारची, फक्त मराठीतली बैठक सुरू करतोय, एकत्र कुटुंबातल्या बायकांना सोयीची पडेल अशी. ती बकुळताई आणि मी मिळून चालवणार आहोत.