अ‍ॅरे रीड-ओन्ली करायचाय, पण कोणत्या मार्गाने?

पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि चार डिस्कचा रेड ५ (अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा, म्हणजे अ‍ॅरे) अर्धवट उठला, की दादरचा व्हिडिओ स्टुडिओ असो वा फोर्टमधलं सीएचं ऑफिस, मशीन सांभाळणारा आधी हेच म्हणतो: ‘रीड-ओन्ली करून टाक.’ म्हणजे त्यावर फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. सल्ला योग्यच. पण असे अ‍ॅरे चालवणाऱ्या लिनक्सच्या एमडी ड्रायव्हरमध्ये हे करायचे मार्ग अनेक, आणि प्रत्येक मार्ग वेगळ्या कोणाचा तरी हात धरतो. डिस्कवर तुमचे प्रोग्राम लिहितात, फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) लिहितं, ड्रायव्हर सुपरब्लॉक (प्रत्येक डिस्कवरची अ‍ॅरेची माहिती) आणि रिसिंकसाठी (डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवायला) लिहितो, आणि अ‍ॅरे हाताळणारं एमडीएडीएम हे टूलही लिहितं. मार्ग निवडताना यांतल्या कोणाला थांबवायचंय ते आधी ठरवा.

त्याआधी एक खात्री. माउंट केलेल्या फोल्डरमध्ये लिहिताना ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा अ‍ॅरे नव्हे, एक्स्ट४ या फाइल सिस्टिमने चूक दिसल्यावर स्वतःला बंद केलेलं असतं. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाचा. अ‍ॅरेच रीड-ओन्ली असेल, तर त्यावर थेट केलेलं लेखन नाकारलं जातं, आणि प्रोक-मधल्या एमडीस्टॅट या फाइलमध्ये तसं लिहिलेलंही दिसतं.

तिथे ‘ऑटो-रीड-ओन्ली’ दिसलं, तर फार विसंबू नका. डेबियन घराण्यात ‘स्टार्ट_आरओ’ हा पर्याय चालू असल्याने अ‍ॅरे असा उठतो. पहिलं लेखन येईपर्यंत सुपरब्लॉक बदलत नाही आणि रिसिंक ‘पेंडिंग’ राहतो. पण ते लेखन आलं, की ड्रायव्हर कोणालाही न विचारता लिहिता होतो. ते आणतो कोण? बरेचदा तुम्हीच. एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल अर्धवट असेल तर ते आधी पुन्हा चालवलं जातं, आणि त्यासाठी डिस्कवर लिहिलं जातं. म्हणजे नुसतं बघायला गेलात आणि मागे रिसिंक सुरू! रोजच्या निरोगी मशीनला हा मोड छान. संशयित अ‍ॅरेला नको.

‘एमडीएडीएम --रीडओन्ली’ याहून कडक. इथे जर्नलचीही डाळ शिजत नाही. एक्स्ट४ सरळ माउंट व्हायला नकार देते आणि ‘नोलोड’ देऊन बघा म्हणते. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ‘नोरिकव्हरी’ द्यावं लागतं. जर्नल न चालवता दिसणाऱ्या फायली शेवटच्या क्षणांत गडबडलेल्या असू शकतात, पण कॉपी काढायला तेवढं पुरतं. अ‍ॅरे माउंट केलेला असेल तर हा आदेश ‘वापरात आहे’ म्हणून नाकारला जातो, तेव्हा आधी अनमाउंट.

यात एक भोक आहे आणि पुष्कळजण त्यातूनच पडतात. मागे पडलेली डिस्क सामील करायला ‘--फोर्स’ दिलंत, तर इव्हेंट काउंट (सुपरब्लॉकमधला बदलांचा आकडा) वाढवून एमडीएडीएम स्वतः सुपरब्लॉक लिहितं, अ‍ॅरे सुरू व्हायच्याही आधी. सोबत ‘--रीडओन्ली’ दिलेलं असलं तरी. म्हणून सुपरब्लॉक वाचून दाखवणाऱ्या ‘--एक्झामिन’चं आउटपुट आधी फाइलमध्ये जपून ठेवा.

मग प्रत्येक डिस्कलाच ‘ब्लॉकडेव्ह --सेटआरओ’ लावून ती रीड-ओन्ली केली तर? अ‍ॅरे जोडण्याआधी लावलं तर उपयोग आहे. एकही सदस्य डिस्क रीड-ओन्ली दिसली तर आजचा ड्रायव्हर अख्खा अ‍ॅरे रीड-ओन्ली करतो. अ‍ॅरे चालू असताना लावलं तर मात्र कर्नलच्या आतून आलेलं लेखन अडत नाही, लॉगमध्ये इशारा येतो आणि लेखन पुढे जातं. नुसत्या इशाऱ्यावर क्लायंटचं विसर्जनाचं सगळं फुटेज मी तरी सोडणार नाही.

उरला ओव्हरले, आणि डीबगिंगसाठी माझा कौल यालाच. प्रत्येक डिस्कसमोर एक स्पार्स फाइल (लिहू तेवढीच जागा घेणारी), ती लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वागणारी फाइल) म्हणून जोडायची आणि डीएमसेटअपने त्यावर स्नॅपशॉट उभा करायचा. वाचन खऱ्या डिस्कवरून होतं, लेखन फाइलमध्ये जातं. आता ‘--फोर्स’ द्या, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारं टूल) चालवा, रिसिंक होऊ द्या, मूळ डिस्कला धक्का लागत नाही. चुकलं तर ओव्हरले पुसून त्याच स्थितीतून पुन्हा सुरू करता येतं. ड्रायव्हरचा दोष शोधताना हीच खरी सोय. किंमत एवढीच, की वेगळ्या डिस्कवर जागा लागते आणि फाइल भरली तर तो स्नॅपशॉट बाद होतो. पूर्ण रिसिंकची चाचणी करायची तर जागा मोठीच लागेल. लॅमिंग्टन रोडवर एक डिस्क घेणं डेटा रिकव्हरीच्या बिलापुढे किरकोळच. मात्र डिस्क स्वतःच खरखरत असेल तर ओव्हरलेही नको, आधी डीडीरेस्क्यूने प्रत काढा.

ग्राहकाचा डेटा मध्ये नसेल आणि फक्त ड्रायव्हरचं वागणं समजून घ्यायचं असेल, तर खऱ्या डिस्कची गरजच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये चार फायलींचा अ‍ॅरे बांधा, ‘एमडी_मॉड’ या ड्रायव्हरच्या मॉड्यूलसाठी डायनॅमिक डीबग (कर्नलचे तपशीलवार संदेश) चालू करा आणि अ‍ॅरेची स्थिती सांगणाऱ्या ‘अ‍ॅरे_स्टेट’वर नजर ठेवा. ‘रीड-ऑटो’चं (म्हणजे तेच ऑटो-रीड-ओन्ली) अचानक ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालं, तर ते कोणाच्या लेखनामुळे हे डिस्कवरचं लेखन-वाचन नोंदवणाऱ्या ब्लॉकट्रेसमध्ये प्रोसेसच्या नावासकट सापडतं. संशयितांत माउंट आणि डेस्कटॉपचा ऑटोमाउंट आधी धरा.