ईपी, एलपी की ७८? नाशिकमध्ये सिनेगाणी जमवायची असतील तर

जुन्या सिनेगाण्यांच्या रेकॉर्डी तीन प्रकारच्या: लाखेची ७८ (मिनिटाला ७८ फेरे), मोठी एलपी (३३ फेरे) आणि छोटी ईपी (४५ फेरे). जमवायला निघालात तर आधी घरात वाजवायला काय आहे ते बघा, गाण्यांचं नंतर. वडिलांचा एचएमव्ही फिएस्टा असेल, ऑनलाइन मागवलेला सुटकेसवाला प्लेअर असेल, नाहीतर आजोबांचा चावीचा ग्रामोफोन. चावीच्या ग्रामोफोनवर ईपी लावूच नका, त्याचा वेगच ७८चा. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या पुढचा, खाली पोलादी पिन आणि ईपीचं व्हिनाइल प्लास्टिक मऊ. खाच खरवडूनच निघते. त्यावर फक्त ७८ लावायची, तीही दर बाजूला नवी पिन घालून.

सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर ३३, ४५, ७८ असे तिन्ही वेग दिलेले असतात, म्हणून माणसाला वाटतं तिन्ही प्रकार चालतील. वेग जमतो, सुई जमत नाही. ७८ची खाच रुंद असते, तिला एलपीच्या सुईपेक्षा जवळपास तिप्पट जाड टोक लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन साठलेल्या धुळीतून फरफटत राहते आणि गाण्यामागे कढईत भजी तळल्यासारखा आवाज येतो. वेगळी सुई मिळणार नसेल तर ७८चा नाद सोडा.

माझं मत सांगून टाकतो: टू-बीएचकेत राहणाऱ्या, नव्यानं सुरुवात करणाऱ्या नाशिककरानं ईपी जमवाव्यात. एलपीचा आवाज चांगला असतो हे मान्य करूनच सांगतोय.

७८चं आकर्षण मला कळतं. दहा इंची, लाखेची, एका बाजूला सव्वातीन मिनिटांचं एक गाणं. गाणं लांबलं तर उरलेलं पाठीमागे. चाळीस-पन्नासच्या दशकातलं संगीत मुळात असं निघालं आणि त्यातलं बरंचसं पुढं ईपी-एलपीवर आलंच नाही. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका लता मंगेशकर यांच्याऐवजी नाव छापलं होतं ‘कामिनी’, पडद्यावरच्या पात्राचं. असलं लेबल हातात धरून बघण्याची मजा ७८वाल्यांनाच. आपल्याकडे या रेकॉर्डी साठच्या दशकातही निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा, आणि त्या भारतीय ७८ आज परदेशातले लोक शोधत असतात.

पण ती फुटते. रिक्षातून आणताना फुटते, वरच्या रेकॉर्डच्या वजनानं तडकते. आणि स्पिरिटनं विरघळते. ही अक्कल मला एक रेकॉर्ड घालवून आली: ईपी पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी मी सवयीनं ७८वर फिरवलं, कापूस काळाकुट्ट झाला, मला वाटलं किती मळ निघाला! मळ कसला, गाणंच निघत होतं. लाखेला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं.

एलपीबद्दल थोडक्यात. बारा इंची, एका बाजूला वीसेक मिनिटं, अख्खा सिनेमा एकात, वर पोस्टरएवढं देखणं कव्हर. सत्तरच्या दशकातल्या वाद्यवृंदाचा भरणा ऐकायचा असेल तर स्टिरिओ एलपीला तोड नाही. हल्ली नव्यानं छापलेल्याही मिळतात. त्या मूळ टेपवरून केल्या की डिजिटल फाइलवरून, हे कव्हरवर लिहिलेलं असेलच असं नाही, आणि किंमत मात्र जुन्या ईपींच्या मानानं भरमसाट. जुन्या एलपीचा आणखी एक वैरी म्हणजे आपला माळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, स्लॅबखाली त्याहून जास्त, आणि आडव्या रचलेल्या एलपी पापडासारख्या वाकतात. कपाटात उभ्या ठेवायला जागा असेल तरच घ्या.

आता ईपी. सात इंची, ४५चा वेग, बहुधा चार गाणी, म्हणजे बाजूला दोन. एका बाजूला एकच गाणं असेल ती एसपी. आवाजाचं गणित लोक समजतात तितकं सरळ नाही. सुईखालून खाच जितकी वेगानं सरकते तितका आवाज स्वच्छ. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्याला जेमतेम २१-२२. ईपीवर तीच मोजणी साधारण ३९ पासून २५ पर्यंत. म्हणजे एलपीच्या पहिल्या गाण्याशी ईपीची बरोबरी नाही, पण तुमचं आवडतं गाणं एलपीवर बाजूच्या शेवटी असेल तर तेच ईपीवर जास्त स्वच्छ लागू शकतं. मात्र दोन गाणी दाटीवाटीनं बसवलेली असली की खाचा अरुंद होतात आणि आवाज थोडा दबतो. एसपी त्यामुळे खणखणीत वाजते.

मराठी ऐकणाऱ्याला तर फारसा पर्यायही नाही. मराठी सिनेमाची गाणी बहुतेक करून ईपीवर निघाली, एलपीच्या वाट्याला मोजके सिनेमे आले. लताबाईंनी साठच्या दशकात ‘आनंदघन’ या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं; त्या ईपींवर गायिका लता मंगेशकर आणि संगीत आनंदघन, एकाच बाईंची दोन नावं शेजारी शेजारी. कामिनीपासून इथवरचा प्रवास लेबलांवरच वाचायला मिळतो.

नाशिकमध्ये ईपी मिळतात कुठे? खास दुकान शोधत बसू नका. जुन्या नाशकातला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची पेटी खाली येते, ती रद्दीवाल्याकडे जाते, आणि कधीतरी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात एखाद्या फाटक्या पोत्यावर दिसते. शेजारी स्टोव्हच्या पिना, बंद घड्याळं. मला तिथं शंभर-दीडशेला चांगल्या ईपी मिळाल्यात, महिनोन्‌महिने काहीच मिळालं नाही असंही झालंय. घाई असेल तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट गाठायची. तिथं माल भरपूर, पण विकणाऱ्याला भाव पाठ असतात.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात न्या. काळीभोर चमक असेल तर ठीक. खाचांवर राखाडी झाक असेल तर ती जड सुईनं झिजलेली आहे, कितीही धुतली तरी सुधारणार नाही. मग लेबलावरच्या मधल्या छिद्राभोवती बघा. रेकॉर्ड चढवताना दांडी चुकली की तिथं बारीक पांढुरकी रेघ उमटते. चार-दोन रेघा असतील तर घरातली, जपून ऐकलेली. लेबल कोळ्याच्या जाळ्यासारखं ओरखडलेलं, वर कुठल्यातरी साउंड सर्व्हिसचा जांभळा शिक्का, तर तिनं किमान वीस गणपती आणि शंभर लग्नं वाजवलीत. तसल्याही माझ्याकडे आहेत. कर्ण्यावर ऐकल्यासारख्या लागतात. पण त्यांचे पन्नासच्या वर देऊ नका.

तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. सराफ बाजार, भांडी बाजार भागातल्या घरातला माल असेल तर कव्हरवर पाण्याची रेघ शोधा. २००८ आणि २०१६ला गंगा त्या गल्ल्यांतून शिरली होती. रेघेखाली कागद चहासारखा तपकिरी होतो, वर पांढरा राहतो. अशा अकरा ईपी मी एकदा एकगठ्ठा उचलल्या, नळाखाली धुतल्या, वाळवल्या, वरून लखलखीत दिसायला लागल्या. खाचेत गाळ तसाच होता. तिसऱ्या ईपीपर्यंत नवी सुई गेली, आणि ती सुई सगळ्या गठ्ठ्यापेक्षा महाग होती. आता रेघ दिसली की कव्हर कितीही गोड असो, मी रेकॉर्ड परत पोत्यावर ठेवतो.

ठेवण्याचं म्हणाल तर बुटांच्या मोठ्या खोक्यात चाळीसेक ईपी उभ्या बसतात, आणि खोकं पलंगाखाली जातं. तेवढ्याच एलपींना घरातल्या माणसांची परवानगी लागते.

दोन अपवाद सांगतो. तुम्हाला १९५५च्या आधीचंच संगीत हवं असेल आणि चालू ग्रामोफोन घरात असेल, तर सरळ ७८ घ्या, ईपीवर पैसे घालवू नका. आणि एकाच संगीतकाराचे आठ-दहा सिनेमे पूर्ण हवेत, बाकी काही नको, असं असेल तर एलपी. त्याच गाण्यांसाठी प्रत्येक सिनेमाच्या दोन-दोन ईपी शोधण्यात वर्षं जातात. पहिली पटकन मिळते आणि दुसरी, ज्यात तुमचं गाणं असतं, ती नेमकी कोणीतरी आधीच उचललेली असते.