सध्या वाचतेय: दापोलीची कृषी दैनंदिनी

आम्हा वाडीवाल्या, म्हणजे नारळ-सुपारीची बाग असलेल्या, बायकांत सध्या कोण काय वाचतंय याची चौकशी कायम चालू असते. बहुतेकींकडे गच्चीवरच्या बागेची पुस्तकं आहेत. फोटो देखणे, कागद गुळगुळीत, पण त्यातली बाग कुंडीतली. श्रीवर्धनच्या पावसाचं काय करायचं, हे त्यांत कुठे सापडत नाही.

म्हणून मी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी वाचतेय. पिकांची माहिती आणि लिहायला तारखांची पानं, दोन्ही एकाच पुस्तकात. सलग वाचण्याचं हे पुस्तक नव्हे. आज जे काम काढलंय ते पान उघडायचं.

3 जून 2020च्या निसर्ग वादळात आमच्याकडचे माड आणि पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या झाल्या. नवी लागवड करताना मोकळी जागा दिसेल तिथे रोप टोचायचा मोह सगळ्यांनाच होतो. मामंजींचंही तेच म्हणणं होतं. मी त्यांना अंतरं वाचून दाखवली: पोफळ 2.7 मीटरवर, माड 7.5 मीटरवर. मग दोरी धरून खड्डे घेतले. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून मधे केळी लावल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वाट बघायची तर सुरुवात नीट हवी.

मला सगळ्यात उपयोगी पडतं ते बोर्डो मिश्रणाचं पान. बोर्डो म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध. आमच्या रोठा सुपारीचा (ही श्रीवर्धनकडची जात) खरा वैरी कोळेरोग. पावसात घोसातली कच्ची सुपारी कुजून गळते. एक टक्का बोर्डोसाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं अजिबात नको. मग दोन्ही पाणी एकदमच तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. निळंशार मिश्रण तयार झालं की स्वच्छ घासलेली सुरी त्यात बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. पातं स्वच्छ राहिलं की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा. दुकानात पुडी घेताना हे कोणी सांगत नाही.

गेंड्या भुंग्याची माहितीही अशीच कामाची. माडाचं पान कात्रीने कापल्यासारखं दिसलं की भुंगा शेंड्यात शिरलाय असं समजायचं आणि तारेच्या हुकाने ओढून काढायचा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, तेव्हा खड्ड्यावरही नजर हवी.

आंब्याचं पान वाचून मी एका कलमाची जागा रत्नाला दिली. नीलम आणि हापूसचा हा संकर, आणि यात साका, म्हणजे आतला गर पांढरट-स्पंजासारखा होणं, होत नाही. हापूसचा साका फळ कापेपर्यंत कळत नाही, पाहुण्यांपुढे फार वाईट वाटतं.

तारखांच्या पानांवर मी फवारणी, पहिला पाऊस, पाडप (नारळ उतरवणं) असं सगळं लिहिते. त्यामुळे जुनी प्रत टाकून देऊ नका, पुढच्या वर्षी तीच आधी उघडावी लागते. फुलझाडांसाठी मी वेगळं पुस्तक वाचते.

गच्चीत चार कुंड्या असतील तर ही दैनंदिनी तुमच्या कामाची नाही. पोफळी-माड असतील तर मात्र मे महिन्याच्या आत हातात असू द्या, कारण बोर्डोची पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी झाली पाहिजे.