वळचणीचे सुळे आणि पोटमाळ्यातल्या फटी: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

वळचणीला बर्फाचे सुळे लोंबू नयेत म्हणून ऑक्टोबरमध्ये पोटमाळ्यातल्या फटी बुजवून वर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) टाकून घेतलं, आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात तीनदा भरपूर बर्फ पडला, एकदा पारा उणे २० च्या खाली गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

त्याआधीचे दोन हिवाळे हीट केबलवर, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या विजेच्या तारेवर काढले. वळचणीच्या कडेने नागमोडी टाकलेली आणि पन्हळीतून खाली उतरवलेली तार. मीटरला २० वॅट, तार ३० मीटर, म्हणजे ६०० वॅट. दिवसरात्र चालू राहिली की १४ युनिटच्या वर जळतात. तिचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. तारेभोवतीचा बर्फ वितळून पाण्याला वाट मिळते, पण दोन्ही बाजूंचा बर्फ हलत नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारीत खिडकीच्या वर भिंतीवर पिवळा डाग उतरला, तेव्हा कुठे मी पोटमाळ्यात चढलो.

वर मस्त ऊब होती! आणि घोळ तोच होता. हिवाळ्यात पोटमाळा जवळजवळ बाहेरइतका गार असायला हवा. घरातली गरम हवा वर शिरली की छपराच्या फळ्या तापतात आणि बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी पाखीवरून वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली घर नाही, त्यामुळे ती गारठलेली. पाणी तिथे परत गोठतं. असा बर्फाचा बांध तयार झाला की मागे साचलेलं पाणी शिंगल्सखाली (छपरावर बसवलेले पातळ तुकडे) शिरतं आणि बांधावरून ओघळलेल्या पाण्याचे सुळे होतात.

पहिला कंत्राटदार म्हणाला, ‘वर अजून इन्सुलेशन टाकू, झालं.’ दुसऱ्याने आधी फटी बुजवायला सांगितलं. त्याचं ऐकलं, हे बरं झालं. इन्सुलेशनची जुनी काचलोकर उचलली तर खालून जागोजागी काळी पडलेली. मला बुरशी वाटली, पण ती धूळ होती. फटीतून वर जाणारी हवा काचलोकरीतून गाळली जाते आणि धूळ मागे राहते. म्हणजे हवा कुठून निसटतेय याचा नकाशाच हाती आला: वायरींची भोकं, सांडपाण्याच्या पाइपभोवतीची फट, आतल्या भिंतींची उघडी डोकी. बाकीच्या जागा उदबत्तीने शोधल्या. वाऱ्याच्या दिवशी खाली ती छताजवळ धरायची, धूर वर ओढला गेला की तिथे खूण करायची. बारीक भेगांना सीलंट, मोठ्या भोकांना फोम. धुरांड्याभोवती मात्र फोम अजिबात चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारा सीलंट लागतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार न्हाणीघराचा पंखा निघाला. त्याची नळी छपराबाहेर नेलेलीच नव्हती, इतकी वर्षं सगळी वाफ पोटमाळ्यात! छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर दव का गोठायचं, ते तेव्हा कळलं.

मग वर सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन) फुंकून घेतलं, बसल्यानंतरची जाडी १५ इंच. इंचाला साधारण ३.५ धरलं तर आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, ५० च्या पुढे जाते. धूळ भयंकर उडते, मास्कशिवाय चढू नका. आणि माझी तक्रार इथेच आहे: कामगारांनी एका कोपऱ्यात बॅफल, म्हणजे झरोक्यापाशी हवेची वाट मोकळी ठेवणाऱ्या पट्ट्या, लावलेच नाहीत. सेल्युलोज वळचणीच्या झरोक्यांवर पसरलं आणि तिथली हवा बंद. खालून वळचणीतून गार हवा आत यावी आणि आढ्याजवळून बाहेर पडावी, अशी ती रचना असते. डिसेंबरात त्याच कोपऱ्यात फळ्यांवर दव गोठलेलं दिसलं. परत बोलावून दुरुस्त करून घ्यावं लागलं, तेही चार फोन केल्यावर.

फरक? पूर्वी बर्फ थांबल्यावर दोन दिवसांत आढ्याकडचं छप्पर उघडं पडायचं आणि कडेला पांढरा पट्टा राहायचा. यंदा पाखीभर बर्फ सारखा टिकला. सुळे अगदीच गेले असं नाही. ऊन पडलं की करंगळीएवढे येतात, भिंतीवर मात्र डाग नाही. घर गरम करणारी फर्नेस पहाटे सारखी चालू-बंद व्हायची, ते थांबलं. वरच्या मजल्यावर पाय गार पडत नाहीत. तळमजल्याला फारसा फरक नाही, तिथल्या खिडक्या जुन्याच आहेत.

एक गोष्ट विसरू नका. घर असं घट्ट केल्यावर गॅसच्या फर्नेसचा आणि गीझरचा धूर नीट बाहेर जातोय का, ते तपासून घ्या. आम्ही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवला.

मोठ्या बर्फानंतर मी अजूनही जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने कडेचा तीन-चार फूट बर्फ ओढतो. कुऱ्हाडीने बांध फोडायचा प्रयोग एकदा केलाय. बर्फाबरोबर शिंगलही फुटला.

केबल यंदा एका जागी चालवावी लागली, जिथे दोन पाख्या मिळतात त्या घळीत. उन्हाळ्यात शिडी लावली की बाकीची उतरवणार, तिथली सहा-सात मीटर ठेवीन.