सम्पच्या सांध्यांत झालेली फसवणूक

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी घरगुती सम्प, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली, पाणी गाळून परत वर पाठवणारी कप्प्यांची काचेची टाकी, करणारे बरेच जण आराखडा स्वतः काढतात आणि काचा कापून चिकटवण्याचे काम कारागिराकडे देतात. मीही तसेच केले. माझी फसवणूक झाली ती या चिकटवण्याच्या कामात. मत्स्यालयासाठीच्या सिलिकॉनचे वेगळे पैसे घेऊन त्या माणसाने प्रत्यक्षात न्हाणीघरातील फरशांच्या फटी बुजवण्याचे बुरशीरोधक सिलिकॉन वापरले. वाळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि पाणीही सारखेच अडवतात, त्यामुळे वरवर पाहून हा प्रकार कोणाच्याही लक्षात येणार नाही. दुसऱ्या कोणाच्या टाकीतले जीव यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आराखडा साधा होता. पहिल्या कप्प्यात वरून येणारे पाणी गाळणारी पिशवी आणि प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे उपकरण), मधल्या कप्प्यात शैवाल, त्यानंतर बुडबुडे अडवणाऱ्या तीन उभ्या काचा आणि शेवटी पाणी वर पाठवणारा पंप. स्किमरला पाण्याची पातळी स्थिर लागते, म्हणून त्याच्या कप्प्याच्या काचेची उंची त्या हिशेबाने ठरवली होती. वीज गेल्यावर वरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्यासाठीही जागा राखली होती. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीतील पाणी केवळ २ सेंटिमीटर उतरले, तरी सुमारे ११ लिटर पाणी सम्पमध्ये येते, शिवाय नळ्यांमधले येते ते वेगळेच. कारागिराने हा कागद नीट पाहिला, वाखाणला आणि ‘आम्ही माशांच्या टाक्यांना दुसरे सिलिकॉन लावतच नाही’ असे ठामपणे सांगितले.

सम्प घरी आल्यावर गोड्या पाण्याने भरून ठेवला. एकही सांधा गळला नाही, वीज बंद करून घेतलेली चाचणीही व्यवस्थित पार पडली. सम्प मुख्य टाकीला जोडल्यानंतर मात्र काही काळातच काचेवरच्या गोगलगायी सुटून तळाशी पडू लागल्या, कोळंबी एका कुशीवर कलंडून पाय झाडू लागली आणि प्रवाळांनी अंग आक्रसून घेतले. मासे तेवढे वरवर ठीक दिसत होते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य होते, विशिष्ट घनता १.०२५ होती, तापमानही नेहमीचेच होते. मासे तग धरून आहेत आणि अपृष्ठवंशी जीव मात्र मरत आहेत, असे दिसले की पाण्यात काहीतरी विषारी उतरत असल्याची शंका घ्यावी लागते. पहिला संशय तांब्याचा आला, पण त्या जोडणीत पितळेचा किंवा तांब्याचा एकही भाग नव्हता.

उलगडा झाला तो उरलेल्या नळकांड्यामुळे. पुढे कधी सांधा दुरुस्त करावा लागला तर उपयोगी पडेल, म्हणून अर्धवट वापरलेले सिलिकॉन मी मागून घेतले होते. त्याच्यावरचे, माशाचे चित्र असलेले लेबल एका कोपऱ्यात दमटपणामुळे सुटले होते. नखाने ओढताच ते अखंड निघून आले आणि त्याखाली मूळ छपाई दिसली: न्हाणीघर व स्वयंपाकघरासाठी, बुरशीरोधक. चुकून दुसरे नळकांडे हाती आले असते, तर त्यावर नवे लेबल चिकटवण्याची गरजच पडली नसती.

जाब विचारल्यावर त्याचे उत्तर होते, ‘सिलिकॉन म्हणजे सिलिकॉनच, वाळल्यावर त्याचे काय होणार?’ हे उत्तर पुढेही अनेकांना दिले जाईल, म्हणून त्यातला खोटेपणा सांगणे आवश्यक आहे. बुरशी रोखण्यासाठी या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते पृष्ठभागावर हळूहळू येत राहते, तेव्हाच त्याचा उपयोग होतो. न्हाणीघरात त्यावरून गेलेले पाणी वाहून जाते. सम्पमध्ये तेच पाणी तासाला अनेक वेळा त्याच सांध्यांना घासून फिरते आणि जे उतरेल ते टाकीतच साठत जाते.

पंपही त्याच्याकडूनच घेतला होता. त्यावर ताशी ३००० लिटर असे छापलेले होते. उंची चढवल्यावर प्रवाह घटतो, हे मान्य. पण काहीही उंची न देता १० लिटरची बादली भरायला २४ सेकंद लागले, म्हणजे ताशी १५०० लिटर. ही मोजणी विकत घेतानाच दुकानात करून दाखवायला सांगावी.

सिलिकॉनच्या बाबतीत वासावर विसंबू नये, कारण मत्स्यालयाचे आणि न्हाणीघराचे, दोन्ही सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास देऊ शकतात. ‘१०० टक्के सिलिकॉन’ या छापील शब्दांवरूनही बुरशीनाशक नाही असे ठरत नाही. बंद नळकांडे आपण स्वतः आणून द्यावे, ते आपल्या डोळ्यांदेखत उघडायला लावावे आणि त्याचे पूर्ण नाव पावतीवर लिहून घ्यावे. मी पावतीवर ‘मत्स्यालयासाठीचे सिलिकॉन’ असे लिहून घेतले होते आणि सोललेले लेबलही जपून ठेवले होते, म्हणूनच मजुरी परत मिळाली. मेलेल्या जीवांची भरपाई देण्यास त्याने साफ नकार दिला.

ज्यांच्याकडे असा सम्प आधीच जोडलेला आहे, त्यांनी तो ताबडतोब वेगळा करावा, मोठ्या प्रमाणात पाणी बदलावे आणि ताजा सक्रिय कोळसा लावावा. जुन्या सांध्यांवर चांगल्या सिलिकॉनचा थर देऊन भागत नाही, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही आणि खालचे विष तसेच राहते. सगळ्या काचा सोडवून, पात्याने शेवटचा पापुद्रा निघेपर्यंत खरवडून, अॅसिटोनने कडा पुसून मगच नव्याने चिकटवाव्यात आणि पाणी भरण्यापूर्वी जाड सांध्यांना वाळायला पुरेसे दिवस द्यावेत.